दोराचे दुसरे टोक

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या दिवशी, ९ एप्रिल रोजी, नेवासा तालुक्यातील वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. या विहिरीत बायोगॅसचा शेणकाला साठविलेला होता. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा रीतीने सहा जण उतरले आणि त्यांपैकी पाच जण मृत्यू पावले. सहावा वाचला, तो बळामुळे किंवा धाडसामुळे नव्हे. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि त्या दोराचे दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती होते.

बंदिस्त जागेतील सुरक्षिततेचे निम्मे शास्त्र या एका घटनेत आले. उरलेले निम्मे अर्थशास्त्राचे आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा अध्यापनाचा विषय तोच असल्याने त्याबद्दल काही लिहावेसे वाटते. परंतु आधी पहिल्या निम्म्याविषयी.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. हे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेले की जागा धोक्याची समजली जाते. ते १० टक्क्यांच्या खाली आले की शुद्ध हरपते आणि ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत प्राण जातो. मैला, शेण, पालापाचोळा कुजताना प्राणवायू खर्च होतो व मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. यांतील हायड्रोजन सल्फाइड हा मोठा दगलबाज. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते; पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर-दीडशे भाग झाले की तो नाकच बधिर करून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, अशी उतरणाऱ्याची समजूत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी वायू वाढलेला असतो. हे प्रमाण हजाराच्या आसपास गेले तर माणूस एकदोन श्वासांतच कोसळतो. ओरडण्याइतकीही सवड त्याला मिळत नाही. वरच्या माणसांना वाटते, पाय घसरला असावा.

जुनी माणसे आडात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत. ज्योत विझली तर उतरायचे नाही, हा त्यांचा दंडक. हे ज्ञान खरे होते, पण अपुरे होते. हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असूनही ज्योत तेवत राहू शकते, आणि मिथेन साठलेला असेल तर तोच कंदील स्फोट घडवून आणील. आज चार वायू एकाच वेळी मोजणारे, मुठीत मावणारे यंत्र मिळते. 'इतकी वर्षे हेच काम करतो आहे, काही झाले नाही,' हे वाक्य या व्यवसायात फार ऐकू येते. अनुभव हा अन्यत्र उत्तम गुरू असेल. येथे त्याची परीक्षा एकदाच होते आणि नापास झालेला विद्यार्थी धडा सांगायला परत येत नाही.

आता मृत्यू कोणाचे होतात ते पाहावे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्ये असे नमूद केले की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण हे दुसऱ्याला वाचविण्यासाठी उतरलेले होते. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये चक्कीनाका परिसरातील एका विहिरीत पाच जण दगावले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. ज्यांचा व्यवसायच सुटका करणे हा, त्यांची ही गत. मग भावाला वा बापाला वाचविण्यासाठी उडी टाकणाऱ्याची काय कथा? तेव्हा उतरणाऱ्याला हातमोजे घालायला शिकविले की प्रशिक्षण झाले, ही कल्पना सोडून दिली पाहिजे. प्रशिक्षणाची खरी गरज वर थांबणाऱ्या माणसाला आहे. त्याने यंत्राकडे पाहायचे, दोर धरायचा, तिवईवरची कप्पी फिरवायची, मदतीसाठी हाक द्यायची. आणि कोणत्याही परिस्थितीत स्वतः उतरायचे नाही. जिवाभावाचा सोबती डोळ्यांदेखत कोसळत असता न उतरणे ही माणसाच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट आहे. म्हणूनच ती आधी शिकवावी लागते, वारंवार करवून घ्यावी लागते.

आपल्या कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ३६ ने टाकी, खड्डा, नळ अशा जागी धोकादायक वायू असण्याचा संभव असेल तर प्रवेशास मनाई केली होती. जाणकाराने जागा निर्धोक असल्याचा लेखी दाखला द्यावा. नाही तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेचा पट्टा दोराला बांधावा आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने धरावे, अशी त्या कलमाची तरतूद होती. वाकडीत सहाव्या माणसाचा जीव ज्या दोराने वाचला तो दोर कायद्याच्या पुस्तकात पाऊणशे वर्षे होता. मात्र कारखान्याच्या कुंपणाबाहेर त्याचा अंमल नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता आली. पण तिच्यातही कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या वाढविलेली आहे, कमी केलेली नाही.

गटारांसाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. सुरक्षासाधनांवाचून माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा त्यान्वये गुन्हा असून पहिल्या अपराधालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षीच्या नियमांनी मोजकेच अपवाद ठेवले आणि तेथेही किमान तीन माणसे, त्यांपैकी एक पर्यवेक्षक, सतत हजर असली पाहिजेत असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख ठरविली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. इतके असूनही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ३७७ जण गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना मेले, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. २०२२ व २०२३ मधील ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करण्यात आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षासाधन नव्हते. प्रशिक्षण दिले गेल्याचे उदाहरण एकच आढळले.

असे का व्हावे? कंत्राटदार निर्दय असतात, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलेला एक विचार येथे लागू पडतो. जे कौशल्य कामगाराला कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च एकटा मालक सहसा करीत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जातो. मजूर नाक्यावरून दिवसापुरता आणलेल्या माणसाच्या बाबतीत तर 'उद्या' हा शब्दच गैरलागू. कामगाराने स्वतः खर्च करावा म्हटले, तर त्याच्या एका दिवसाच्या रोजावर त्या दिवसाची चूल अवलंबून असते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये म्हटले होते की, किळसवाण्या कामाला बाजारात अधिक मजुरी मिळते. परंतु त्याने गृहीत धरलेला कामगार ते काम नाकारू शकत होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, 'नमस्ते' योजनेखाली नोंदविलेल्या सुमारे अडतीस हजार गटार व सेप्टिक टाकी कामगारांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींतील आहेत. ज्याच्या पुढे जातीने एकच दार उघडे ठेवले, त्याला बाजार जोखमीचे मोल कशाला देईल?

आणि मग येते निविदा. समजा, एका कंत्राटदाराने वायुमापक, पंखा, तिवई, पट्टा आणि तीन शिकविलेली माणसे यांचा खर्च धरून दर भरला. दुसऱ्याने एक माणूस व एक बादली धरली. काम कोणाला मिळेल हे बाजारपेठेचा पहिला धडा वाचलेला विद्यार्थीही सांगेल. अंदाजपत्रकाहून किती टक्के 'बिलो' गेला, यावर जेथे शहाणपण मोजले जाते तेथे ती टक्केवारी कशातून कापली गेली हे कोणी विचारीत नाही. सिमेंट-सळईच्या चाचणीचा खर्च मात्र स्वतंत्र दाखविण्याची पद्धत आपल्याकडे आहे. काँक्रीटचा ठोकळा तपासल्यावाचून देयक निघत नाही. खड्ड्यातली हवा तपासल्यावाचून निघते.

यावरचा उपाय त्यामुळे निविदेतच शोधला पाहिजे. बंदिस्त जागेत प्रवेशाची शक्यता असलेल्या प्रत्येक कामात सुरक्षा व प्रशिक्षण ही वेगळी बाब असावी, तिचा दर दरसूचीत ठरलेला असावा, आणि तिच्यावर स्पर्धा होऊ नये. कोणी त्यात 'बिलो' जाऊ शकत नाही असे झाले, की सज्जन कंत्राटदाराला सज्जनपणाचा दंड भरावा लागणार नाही. दुसरे, दोर धरणाऱ्याला प्रमाणपत्र हवे. बॉयलरवरच्या माणसाला ते लागते, वायरमनला परवाना लागतो. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामार्फत दोनचार दिवसांचा असा वर्ग चालविणे अवघड नाही. पण त्या दिवसांचा रोज विद्यार्थ्याला मिळालाच पाहिजे, नाही तर वर्ग भरेल आणि बाके रिकामी राहतील.

या मागणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे लोक या कामगारांचे हितशत्रू नव्हेत. माणसाने गटारात उतरूच नये, ते काम यंत्राने व्हावे. उतरण्याचे शिक्षण देणे म्हणजे एका अमानुष प्रथेला पाठशाळा उघडून देणे होय, असे ते म्हणतात. यंत्रे आलीच पाहिजेत याबद्दल दुमत नाही. केरळमध्ये २०१८ पासून मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला लागला आहे. परंतु २०१३ च्या नियमांतील अपवाद वाचावेत: नवी मलवाहिनी जुन्या मुख्य वाहिनीला जोडणे, तळाशी बसविलेला पंप काढणे, मॅनहोलची पुनर्बांधणी करणे. ही कामे मैला उपसण्याची नाहीत, बांधकामाची आहेत, आणि ती अजून हातांनीच होतात. शिवाय खऱ्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ उतरण्याचा नसून नकाराचा असतो. यंत्रावरचा आकडा दाखवून 'मी उतरत नाही' म्हणणारा मजूर मुकादमाला जितका अडचणीचा वाटेल तितका तो यंत्र आणण्याचा दिवस जवळ आणील.

नाशिकला हा प्रश्न दूरचा नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीत मैलापाणी जाऊ नये म्हणून मलवाहिन्यांची व शुद्धीकरण केंद्रांची कामे निघाली आहेत. नवी वाहिनी जुनीला जोडण्याचा, म्हणजे नियमांनी अपवाद म्हणून सांगितलेला, प्रसंग अशा कामांत ठिकठिकाणी येतो, आणि पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही. घाई ही बंदिस्त जागेत प्राणवायूइतकीच मोजण्याची गोष्ट आहे. अंबड-सातपूरच्या सांडपाण्याच्या टाक्या, गावोगावच्या खोल विहिरी, हे तर आहेच. दिंडोरी-विंचूरकडच्या वाइनरींकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. एक लिटर द्राक्षरस आंबताना चाळीस-पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेच्या दीडपट जड असा हा वायू टाकीच्या तळाशी बसून राहतो, आणि साली उपसायला माणूस तेथेच उतरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो.

मजकूर वाचणाऱ्या शिक्षक-कारकून मंडळींना वाटेल, निविदा काढणारे दुसरेच. परंतु सामाजिक लेखापरीक्षणातील ५४ जणांपैकी ३८ जणांना कोणा ना कोणाकडून व्यक्तिशः कामाला बोलाविण्यात आले होते. आपल्यापैकी कित्येक जण गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस किंवा खजिनदार आहेत. सेप्टिक टाकी तुंबली की तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी रकमेचे मंजूर करण्याचा ठराव आपणच लिहितो. पुढच्या वेळी दरपत्रकात तीन रकाने वाढवून पाहावेत: टँकरच्या नळीने काम होणार की माणूस उतरणार, वायुमापक शेवटचा केव्हा तपासला, आणि वर दोर धरून कोण थांबणार, त्याने हे काम कोठे शिकले. तिसरा रकाना कोरा ठेवून येणारे दरपत्रक बहुधा सर्वांत स्वस्त असेल.