रूझवेल्ट यांनी बांधून घेतलेलं दगडी पोस्ट ऑफिस: वारसा भिंतींचा की सेवेचा?

न्यूयॉर्क राज्यातलं ऱ्हाइनबेक हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. इथलं पोस्ट ऑफिस सरकारी कचेरी वाटतच नाही. ओबडधोबड दगडांच्या भिंती आणि उतरतं छप्पर पाहून ते एखादं जुनं घरच वाटतं.

असं का बांधलं?

१९३०च्या दशकात महामंदीमुळे अमेरिकेत लाखो लोक बेरोजगार होते. हातांना काम मिळावं म्हणून सरकारनं हजाराहून अधिक पोस्ट ऑफिसं बांधली. खर्च वाचवण्यासाठी बहुतेकांचे नकाशे ठरावीक साच्याचे होते.

ऱ्हाइनबेक मात्र राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या घरच्या जिल्ह्यातलं. हा भाग एकेकाळी डच वसाहतीत होता. त्यामुळे इमारत स्थानिक डच घरांसारखी दगडीच हवी, असा त्यांचा आग्रह होता. सुमारे १७०० सालच्या आणि पुढे आगीत जळालेल्या एका घराचा नमुना घेतला गेला आणि त्याच घराचे दगडही वापरले गेले. मे १९३९च्या समारंभाला रूझवेल्ट स्वतः हजर होते. आत चित्रकार ओलिन डाऊज यांनी गावाचा इतिहास भिंतीवर रंगवला.

मग अडचण काय?

ऱ्हाइनबेकचं पोस्ट ऑफिस आजही सुरू आहे. पण अमेरिकी टपाल सेवेला २०२४ या आर्थिक वर्षात साडेनऊ अब्ज डॉलरचा तोटा झाला. अशा वेळी जुन्या, मोक्याच्या जागेवरच्या इमारती विकण्याचा मोह होतो. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातलं १९३९ सालचं पोस्ट ऑफिस स्थानिकांच्या विरोधानंतरही २०१२मध्ये एका चित्रपट निर्मात्याला विकलं गेलं. त्याच वर्षी 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेनं देशभरातल्या ऐतिहासिक पोस्ट ऑफिसांना धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं.

कायदा काय सांगतो?

१९६६च्या वारसा जतन कायद्याचं कलम १०६ सरकारी यंत्रणांना निर्णयाचा वारशावर होणारा परिणाम तपासायला आणि सल्लामसलत करायला लावतं. विक्री थांबवण्याची ताकद त्यात नाही. विकताना इमारतीचं रूप जपण्याची अट घालता येते. पण तिथं तिकिटं विकली जावीत, पार्सलं घेतली जावीत, अशी हमी ही अट देत नाही.

थोडक्यात, दगड वाचू शकतात आणि पोस्ट ऑफिस तरीही जाऊ शकतं. इमारत नुसती पाहायची असेल तर हे पुरेसं आहे. पण या इमारती कुणालाही सहज आत जाता यावं म्हणून लोकांच्या पैशातून उभ्या राहिल्या होत्या. तो हक्क जपणारी अट आजच्या कायद्यात नाही.