बदकाचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

बदकाचे पिल्लू आपल्या घरात प्रथम येते ते गाण्यातून. डेन्मार्कचे कथाकार हान्स अँडरसन यांनी १८४३ साली प्रसिद्ध केलेली कुरूप पिलाची गोष्ट ग. दि. माडगूळकरांनी मराठी गीतात आणली, आणि तेव्हापासून तळे, बदके व राजहंस यांची ओळख मराठी मुलाला अक्षरओळखीच्याही आधी होऊ लागली. परंतु ही ओळख डोळ्यांची व कानांची आहे, हातांची नाही. बाजारात टोपलीत चिवचिवणारी पिवळी पिल्ले दिसली की मूल हट्ट धरते, वडील खिशात हात घालतात, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत परसातल्या पेरूखाली एक लहानसा खड्डा खणावा लागतो. घरात माया नव्हती असे नाही, माहिती नव्हती. मायेला माहितीची जोड नसेल तर पिल्लू पाळण्यास हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्रथम उबेचा विचार करा. बेळगाव हे घाटमाथ्याजवळचे गाव. येथील पावसाळी गारठा आणि मार्गशीर्ष-पौषातील रात्री आपल्याला सुखाच्या वाटल्या, तरी एका दिवसाच्या पिलाला त्या सोसत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाभोवती सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यावी. पेटीवर टांगलेला विजेचा दिवा हे काम करतो. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि चोची उघडून कडेला पळाली तर उष्मा होतो आहे, असे समजावे. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून ठेवावी. खाली वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट बरे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. बदक पाण्यातला पक्षी म्हणून आणल्या दिवशीच पिलाला घमेल्यात सोडले जाते. वस्तुतः बदकीण बरोबर असते तेव्हाच ते निर्धास्त असते, कारण ओले झालेले पिल्लू तिच्या पंखांखाली शिरून कोरडे व उबदार होते. आईविना वाढणारे पिल्लू मात्र भिजते, गारठते आणि मरते. सुरुवातीला त्याला पोहण्यास नव्हे, पिण्यास पाणी द्यावे. भांडे उथळ असावे, त्यात खडे घालावेत. पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके पाणी हवेच, कारण नाकपुड्या धुतल्यावाचून त्या स्वच्छ राहत नाहीत आणि पाण्यावाचून कोरडे खाद्य घशाखाली उतरत नाही. संपूर्ण पिसे येण्यास सात-आठ आठवडे लागतात. तोवर तळ्याची घाई नको.

तिसरी गोष्ट खाण्याची. दूधभाकरी किंवा शिळा भात हे पिलाचे अन्न नव्हे. कोंबडीच्या पिलांचे तयार खाद्य चालते, मात्र त्यात औषध मिसळलेले नसावे. शिवाय नायसिन नावाचे जीवनसत्त्व बदकाला कोंबडीपेक्षा अधिक लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. आपल्या भागात शेंगदाण्याची पेंड सहज मिळते, पण बुरशी धरलेली पेंड पिलास विषासमान आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी व पुष्कळ बदकपिल्ले अकस्मात मेली. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशी हे कारण निघाले, आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला ठाऊक झाले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे की पुढे ते ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याचाच उपयोग केला. निपाणीकडील वाचकांस आणखी एक सूचना. ज्या घरी विड्या वळल्या जातात तेथे जमिनीवर तंबाखूचा चुरा पडतो. बदक प्रत्येक वस्तूत चोच घालून पाहते आणि तंबाखू पक्ष्यांना विषारी आहे. अशा घरात पिलांची जागा वेगळीच हवी.

आमच्या खेड्यांतून बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत बाहेर येतात. बदकांना बहुधा २८ दिवस लागतात. ती बिचारी आणखी एक आठवडा बसते, आणि मग आपली लेकरे पाण्यात उतरलेली पाहून काठावर ओरडत राहते. परंतु पिल्लांना मात्र तीच आई वाटते. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली याचे विवेचन केले: अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच अवधीत जो हलताना दिसतो, त्याच्यामागे पिल्लू जाऊ लागते. बदकपिलांनी आपल्याला आई मानावे म्हणून लोरेन्झ स्वतः बदकासारखे ओरडत गवतातून उकिडवे चालले, आणि येणारेजाणारे थक्क होऊन पाहत राहिले. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधात आपल्यासाठी एक बोध आहे. पिल्लू ज्याला आई मानते, त्याच्यावर आईची जबाबदारी येते. शाळेची घंटा झाली म्हणून ती संपत नाही. म्हणूनच एकटे पिल्लू कधीही आणू नये. किमान तीन आणावीत, म्हणजे आपण नसताना त्यांना एकमेकांची सोबत राहते.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? अभ्यास बुडेल, घाण होईल, रोगराई येईल. घाण होते हे खरे. बदकाची विष्ठा पातळ असते, गोणपाट रोज बदलावे लागते. रोगाचेही भय खोटे नाही. २०१४ साली केरळातील कुट्टनाडमध्ये बर्ड फ्लूमुळे फार मोठ्या संख्येने बदके गेली व मारावी लागली. म्हणून पिल्ले माहितीच्या ठिकाणाहून आणावीत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि आजारी पिल्लू दिसताच पशुवैद्यांस कळवावे. पण अभ्यास बुडेल हे मला मान्य नाही. रोजचे तापमान व वजन वहीत नोंदणारा विद्यार्थी आलेख, दशांश आणि जीवशास्त्र एकदमच शिकतो.

मात्र शाळेने पिल्ले आणायची तर दिनदर्शिका पाहून आणावीत. दसऱ्याची सुटी संपली की पाऊस ओसरलेला असतो; तेव्हा आणलेली पिल्ले कडाक्याची थंडी पडेपर्यंत बरीचशी पिसे धरतात. परंतु आणण्यापूर्वीच दोन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत: एप्रिल-मेच्या सुटीत त्यांना कोण सांभाळणार, आणि मोठी झाल्यावर ती कोठे राहणार? बदक आठ-दहा वर्षे जगू शकते. आठवीतला मुलगा दोन वर्षांत शाळा सोडून जातो. ज्या शेतकरी कुटुंबाकडे पाणी, सावली आणि रात्री मुंगूस-कुत्र्यांपासून राखणारे पक्के खुराडे आहे, त्याचा होकार आधी मिळवावा. ‘मोठी झाली की किल्ला तलावात किंवा रंकाळ्यात सोडू’ हे उत्तर नव्हे. आपल्या तलावांवरचे हळदी-कुंकू बदक रानात वाढलेले, उडणारे आहे. पाळीव बदक जड अंगाचे. त्याला असे सोडणे म्हणजे कुत्र्यांच्या हवाली करणे होय.

ज्या घरी या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तेथील मुलाने हट्ट सोडावा. त्यात कमीपणा काही नाही. तळ्याच्या काठी बसून बदके पाहण्यानेही मन आनंदते. आणि ज्या घरी उत्तरे आहेत, तेथे पिल्ले अवश्य आणावीत. मराठीत बदक म्हणा की कानडी शेजाऱ्याप्रमाणे बातुकोळी म्हणा, पिलाला ऊब, पाणी आणि अन्न वेळेवर मिळाले की पुरे. ते वेळेवर देण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, तो पुढे घरातील म्हाताऱ्या माणसाचे औषधही वेळेवर देईल, असा मला विश्वास वाटतो.