दहा गुणांचे बागूल

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपल्यावर जे दिवस उरतात, त्यांना आम्ही प्राध्यापक मंडळी उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो. यंदा त्या दिवसांत आम्ही काही जणांनी ठरवले, की जी पुस्तके वर्षानुवर्षे शिकवत आलो, ती निदान एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. हे वाक्य गमतीचे वाटेल. पण मराठी विभागांत वावरलेल्या कोणालाही त्यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) प्रथम हाती घेतली. ‘प्रादेशिक कादंबरी’ असा शिक्का मारून वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये लिहून दिली, की आमच्या लेखी ‘धग’ संपते. कौतिकचा संसार त्या वैशिष्ट्यांत कोठेच येत नाही. असो.

खरी शरम वाटली ती बाबुराव बागुलांपाशी. ते आमच्याच नाशिकचे. १९३० साली विहितगावात जन्मले, २००८ साली नाशिकमध्येच निवर्तले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आम्ही किती तुकड्यांना शिकवली याची गणती नाही. प्रश्न ठरलेला : कथेतील विद्रोहाचे स्वरूप स्पष्ट करा. गुण दहा. १९६३ चा तो संग्रह सलग वाचताना ध्यानात आले, की आमचा प्रश्नच चुकत होता.

रेल्वेतील नोकरीसाठी उधन्याला आलेला या कथेचा निवेदक आनंदाने भारलेला आहे. जात विचारताच तो चिडतो आणि आपण मुंबईकर असल्याचे, सत्यासाठी झगडणारे असल्याचे सांगतो. भाषा नव्या देशाची, पण उत्तर मात्र टाळलेले. पुढचा प्रत्येक स्नेह, प्रत्येक मान त्याला भीतीत अधिक खोल लोटतो. विद्रोह कथेत आहेच. तो आहे काशिनाथपाशी, जो आपली जात लपवीत नाही. बागुलांनी या दोघांना समोरासमोर उभे केले आणि कथा सांगायला मात्र लपणारा निवडला. ही निवड आम्ही एकदाही वर्गात उच्चारली नाही.

यावर कोणी म्हणेल, विद्रोह वजा केला तर दलित साहित्याची धार जाते. आम्ही वजा करीत नाही. पण घोषणा शिकवणे सोपे असते आणि भीती शिकवणे अवघड, म्हणून आम्ही सोपे ते निवडले, हे कबूल केले पाहिजे. शिवाय ‘बोहाडा’, ‘पेसूक’ या कथा त्याच पुस्तकात असताना एका कथेवर बागूल आटोपण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ साली आला, तेव्हा आमच्यापैकी काहींनी मूळ संग्रह नव्याने शोधला, हेही नमूद करावे लागेल.

आमच्या वर्गात खेड्यांतून शहरात आलेली मुले बसतात. भाड्याची खोली शोधताना घरमालक आडनाव विचारतो, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. त्या मुलांपुढे आम्ही फळ्यावर विद्रोहाची पाच वैशिष्ट्ये लिहितो. मागच्या बाकावरचा कोणी त्या वेळी खाली मान घालून बसलेला असेल, तर ते आमच्या टिपणांत येत नाही.

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आमच्या हातात नाही, अंतर्गत परीक्षा आहे. तेथे यंदा विचारणार आहोत : निवेदकाला भीती कोणाची वाटते? एका सहकाऱ्यांनी ताबडतोब शंका काढली, की याचे आदर्श उत्तर कसे लिहून द्यायचे.