खोकला एक, चिठ्ठ्या वेगळ्या

‘डॉक्टर, स्ट्राँग अँटिबायोटिक लिहा,’ हे ओपीडीत रोज ऐकतो. अशा वेळी मला युरोपातील एक पाहणी आठवते. १३ देशांत फॅमिली डॉक्टरांकडे खोकल्यासाठी आलेल्या ३,४०२ रुग्णांची ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कुठे शंभरातील वीस जणांना अँटिबायोटिक मिळाले, कुठे जवळजवळ नव्वद जणांना! बरे व्हायला लागलेला काळ मात्र साधारण सारखाच. म्हणजे फरक आजारात कमी आणि डॉक्टरांच्या सवयीत जास्त होता.

सवय बदलता येते. फ्रान्समध्ये अँटिबायोटिकचा वापर नेदरलँड्सच्या तिप्पट होता. २००२ मध्ये सरकारने मोहीम हाती घेतली आणि पाच वर्षांत चिठ्ठ्या सुमारे पाव हिश्शाने घटल्या.

आपल्याकडे रुग्ण नाराज होईल म्हणून आम्ही डॉक्टरही गोळी लिहून मोकळे होतो. ही चूक आमचीच. सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट अंगातले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. उद्या न्यूमोनिया झाला, तर हेच औषध निकामी ठरू शकते.

धाप लागली, ताप उतरेना किंवा थुंकीतून रक्त आले, तर जरूर लगेच या. एरवी ‘अँटिबायोटिक द्या’ऐवजी ‘खरंच गरज आहे का?’ असे विचारा.