कुंकवाच्या डबीतला आहेर

गेल्या अंकात शाळेच्या आवारातील झाडांविषयी लिहिताना मी श्रमप्रतिष्ठेवर चार ओळी खर्ची घातल्या होत्या. त्या वाचून ग्वाल्हेरच्या एका भगिनींनी पत्राने विचारले, "गुरुजी, घरातल्या बायकांच्या हातच्या कामाविषयी आपण कधी लिहिणार?" पत्र वाचून मी वरमलो. याच विषयातला एक गुन्हा माझ्या नावावर जमा आहे, आणि तो कबूल केल्यावाचून त्या विषयावर लेखणी उचलणे मला शोभणार नाही.

हकीकत २०२५ सालची. मे महिन्यात कोल्हापुरास माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न होते. आमच्या सौभाग्यवतीला येता येत नव्हते. मधुमेहामुळे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू लौकरच धरला होता, आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया लग्नाच्या आदल्याच आठवड्यात झाली होती. मी निघालो तेव्हा तिने माझ्या हाती एक जुनी लाकडी कुंकवाची डबी दिली. आत कापसाच्या गादीवर दोऱ्याची दोन कर्णफुले होती. क्रोशाने विणलेली, एक इंचभर रुंदीची, आठ पाकळ्यांची, आणि वर चांदीच्या तारेची आकडी. शस्त्रक्रियेच्या आधीच तिने ती विणून ठेवली होती. "हे पाकिटाबरोबर टेबलावर ठेवू नका हं," ती म्हणाली, "तिच्या हातातच द्या."

कार्यालयात पोहोचलो आणि प्रथम रुखवत पाहिले. आमच्या लग्नात रुखवतावर सौभाग्यवतीच्या हातचे क्रोशाचे रुमाल होते, तोरण होते, मण्यांचा गणपती होता, आणि तिच्या आत्याबाईंनी केलेले सप्तपदीचे देखावे होते. येथे सगळे देखणे, झगमगीत आणि तयार आणलेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी करणाऱ्या मुलीने रुमाल विणावेत कधी? पण पलीकडे आहेराला सुरुवात झाली आणि माझे धैर्य खचू लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाख रुपयांचा आकडा गाठला होता. तरी मुलीच्या काकूंनी सोन्याचे झुबे घातले, मावशींनी वेल घातले, आणि प्रत्येक डबी उघडली की भोवतालच्या बायका माना पुढे करून वजनाचा अंदाज घेत. माझी पाळी आली. एका हातात पाकीट होते, दुसरा हात पिशवीतल्या कुंकवाच्या डबीवर होता. मी पाकीट दिले. दिले एवढेच नव्हे, तर आदल्या दिवशी ठरवलेल्या रकमेत पाचशेची एक नोट अधिक घालून दिले. ती अधिकची नोट कशाची भरपाई होती, हे सुज्ञ वाचकांस सांगायला नको.

बेळगावी परत आलो. पिशवी रिकामी करणे हे आमच्या घरी तिचे काम. मी हातपाय धुऊन बाहेर आलो तो ती खिडकीपाशी डबी उघडून उभी. रागावली नाही. डोळ्यावरचा काळा चष्मा वर करून ती कर्णफुले उजेडात धरून पाहत होती. म्हणाली, "अहो, हा दोरा एवढा पांढरा होता?"

मोतीबिंदू धरलेल्या डोळ्यापुढे जणू पिवळट काच असते. हळूहळू दिवस जातात आणि पांढरे मळकट झाले हे माणसाला कळतही नाही. तिने दुकानात मोतिया रंगाचा म्हणून जो दोरा निवडला, तो शुद्ध पांढरा होता. स्वतः विणलेली वस्तू ती प्रथमच तिच्या खऱ्या रंगात पाहत होती, आणि तीही मी न दिल्यामुळे. याहून अधिक ती एक शब्दही बोलली नाही. डबी शिवणाच्या पेटीत गेली.

तीस वर्षे मी मुलांना हस्तव्यवसायाचे महत्त्व सांगत आलो. पण घरात चाललेला हा उद्योग कसा होतो, ते मी कधी जवळ बसून पाहिले नव्हते. जूनमध्ये तिला नवा चष्मा मिळाला, डॉक्टरांनी बारीक कामास मुभा दिली, तेव्हा एका रविवारी मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "दाखव." तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. "तुमच्या शाळेत याला किती गुण असतात?" एवढेच विचारले आणि सुई हातात घेतली.

सुई म्हणायची ती रीत. खरे तर ती टोकाशी आकडी असलेली पोलादी काडी. क्रोशा हा शब्दही फ्रेंच भाषेतला, आणि त्याचा अर्थ छोटी आकडी असाच आहे. लोकरीच्या कामाला दोन सुया लागतात, येथे एकच. दोऱ्याच्या गुंड्यावर नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. रुमालाला २० नंबरचा दोरा चालतो. कानातल्यासाठी ४० नंबरचा हवा, आणि त्याला एक मिलिमीटरच्या आतली सुई. जाड दोऱ्याचे फूल कानात लोंबू लागले की गोंड्यासारखे दिसते. दोरा चमक दिलेला, म्हणजे मर्सराइज्ड, घ्यावा. हे नाव जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाचे; १८४४ च्या सुमारास त्याने सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, आणि पुढे १८९० मध्ये होरेस लो याने धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला ही रेशमासारखी झळाळी आली.

आता कृती. आठ साखळ्या घालून त्यांचे कडे जुळवायचे. कड्यात सोळा खांब भरायचे. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या. तिसऱ्या फेरीत एक खांब सोडून एक मुका खांब, आणि दोहोंच्या मध्ये पाच साखळ्यांची कमान. अशा आठ कमानी होतात. शेवटच्या फेरीत प्रत्येक कमानीत एक मुका खांब, दोन खांब, तीन साखळ्यांचे टोक, पुन्हा दोन खांब आणि एक मुका खांब. झाली पाकळी. ज्या भगिनींना हे येते त्या हसतील, कारण त्यांच्या दृष्टीने ही बाराखडी आहे. मी मात्र गणिताच्या मास्तरासारखा वहीत मांडत गेलो. पहिल्या फेरीचे ८, दुसरीचे १६, तिसरीचे ४८, चौथीचे ७२. बेरीज १४४. दोन कानांचे २८८ टाके. प्रत्येक टाक्याला सुई निदान एकदा आत जाऊन बाहेर येते, खांबाला तर दोऱ्याचे वेढे निराळे. मी तो आकडा तिला सांगितला. तिने कधीच मोजले नव्हते.

मीही प्रयत्न केला. माझे कडे जुळलेच नाही. साखळी पिळली गेली आणि अर्ध्या तासात ४० नंबरचा तो दोरा मुंजीच्या सुतासारखा गुंतून बसला. त्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली. या कामात अवघड असते ते दुसरे फूल. एक फूल कोणालाही जमेल. पण जोडी जमायला डाव्या हाताच्या बोटांवरून धावणाऱ्या दोऱ्याचा ताण दोन्ही वेळी तोच राहावा लागतो. मन शांत असेल तर टाका सैल पडतो, घाई असेल तर आवळतो. म्हणून जाणत्या बायका दोन्ही फुले एकाच बैठकीत, निदान लागोपाठच्या दिवशी, करतात.

विणून झाल्यावर फूल मऊ राहते. त्याला ताठपणा आणायला खळ द्यावी लागते. पूर्वी साखरेचा पाक लावीत. आमच्याकडे एकदा तो प्रयोग झाला, आणि सकाळी पाहतो तो मुंग्यांनी दोन्ही पाकळ्यांवर वारी लावलेली. भाताची पेज गाळून लावावी हे उत्तम. ओले असतानाच उशीवर किंवा थर्माकोलवर कागद घालून प्रत्येक पाकळीचे टोक टाचणीने ताणून बसवावे आणि पुरते वाळू द्यावे. बेळगावच्या पावसाळ्यात याला दोन दिवसही पुरत नाहीत. आकडी शक्यतो चांदीची असावी. स्वस्त मुलाम्याच्या तारेत निकेल असते, आणि कित्येकींचा कान त्याने चिघळतो. दोऱ्याचे फूल पाण्यात धुता येते, पुन्हा खळ देता येते. वजन म्हणाल तर नाहीच. कानाला काही घातले आहे हे आरशात पाहिल्यावरच कळायचे.

आमच्या लहानपणी गरिबाघरच्या मुलीचे कान टोचले की भोक बुजू नये म्हणून त्यात दोरा ओवून ठेवीत, नाहीतर कडुनिंबाची काडी. सोने येईपर्यंतची ती तजवीज. कार्यालयात माझा हात डबीवरून मागे आला, तो या जुन्या आठवणीमुळेच की काय, कोण जाणे. दोरा म्हणजे सोने नसल्याची कबुली, हे मनात कोठेतरी खोल बसलेले असावे.

आणि ही समजूत माझ्या एकट्याची नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, तेथे नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्या मुलखात क्रोशाची लेस आणली, आणि तेथल्या खेड्यापाड्यांतल्या बायका पिढ्यानपिढ्या ती विणत आल्या. माल परदेशी जातो. मारिया मीस या जर्मन विदुषींनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे की, या बायका दिवसाचे कित्येक तास विणतात, त्यांच्या कष्टावर व्यापार उभा राहतो. पण त्यांना कामगार कोणी म्हणत नाही. घरी बसलेल्या बायका रिकाम्या वेळात काहीतरी करतात, असा हिशेब, आणि मजुरीही त्याच हिशेबाने. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. आयर्लंडात १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात हेच काम शिकवून कित्येक कुटुंबे जगवली गेली. कॉर्कच्या जोगिणींनी ते शिकवले, क्लोन्स गावी धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी. यंत्रावरची लेस बाजारात ढिगाने मिळते, पण खरे क्रोशाचे काम आजही हातानेच होते. म्हणून जत्रेत वीस रुपयांना क्रोशाचे कानातले दिसले की आता मी भाव करीत नाही. २८८ टाके कोणीतरी घातलेलेच असतात.

असो. गुन्ह्याची गोष्ट अर्धीच राहिली.

श्रावणात भाचीची पहिली मंगळागौर माहेरी होती. मी किरकोळ रजा टाकली, सौभाग्यवतीच्या पेटीतून डबी मागून घेतली आणि पावसात कोल्हापूरची गाडी पकडली. निपाणीपर्यंत खिडकीतून शिंतोडे येत होते. डबी मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती.

दुपारी जरा निवांतपणा मिळताच मी भाचीला बाजूला बोलावले आणि सगळे सांगितले. पाचशेच्या नोटेसकट. ती ऐकून घेत होती. मध्येच डबी उघडून तिने फुले तळहातावर घेतली. प्रवासातल्या दमटपणाने पेजेची खळ सुटली होती आणि पाकळ्या मिटू पाहत होत्या. "मामा," ती म्हणाली, "मामींनी ही दिसत नसताना केली?" मी मान हलवली. तिने आतून इस्त्री आणली, पातळ कापड वर ठेवून दोन्ही फुले हलक्या हाताने सरळ केली. रात्री झिम्मा-फुगडीला उभे राहताना काकूंनी दिलेले झुबे तिला काढावेच लागले. फुगडीत ते गालावर आपटतात आणि कानाची पाळी ओढली जाते. त्यांच्या जागी तिने ही घातली. तिच्या मैत्रिणींनी ती कोठून घेतली म्हणून विचारले, तेव्हा काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही; फेराचा आवाज मोठा होता. मी माजघराच्या दारात उभा राहून पाहत होतो. पुरुषमाणसाने तेथे फार वेळ उभे राहू नये म्हणून बहिणीने मला चहाला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. सौभाग्यवतीने पाणी दिले. तिने घातली का, आवडली का, लोक काय म्हणाले, यातले काहीच तिने विचारले नाही. विचारले ते हे: "दोन्ही सारखी दिसत होती ना?"

मी इस्त्रीच्या वेळी नीट पाहिले होते. डावे फूल उजव्याहून तांदळाच्या दाण्याइतके मोठे होते. खोटे बोलण्याचा मोह झाला, पण एका लग्नात तेवढे पुरे झाले होते. मी जे दिसले ते सांगितले.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "दोनदा उसवून केलं, तरी तसंच राहिलं."