छतावरची वीज : बिल घटले, आता भरवसा हवा

घराच्या गच्चीवर पडणारे ऊन आजवर पापड-कुरडया वाळवण्यापुरते उपयोगी होते. आता तेच ऊन वीजबिलाचा आकडा खाली आणू लागले आहे. ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजने’ला फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रारंभ झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला मंजुरी देताना ७५ हजार २१ कोटी रुपयांच्या खर्चाची आणि एक कोटी घरांच्या उद्दिष्टाची घोषणा केली. मार्च २०२५ मध्ये दहा लाख घरांचा टप्पा पार पडला. त्यामुळे या योजनेची चर्चा आता घोषणांपुरती मर्यादित राहिलेली नाही. ज्यांच्या छतावर संच बसले, त्यांचा अनुभव काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

प्रथम योजनेचे गणित पाहू. दोन किलोवॅटपर्यंतच्या संचाला प्रति किलोवॅट ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये असे अनुदान आहे. संच तीन किलोवॅटपेक्षा मोठा असला तरी घरगुती ग्राहकाला मिळणारी कमाल रक्कम ७८ हजार रुपयेच राहते. योजना आखताना तीन किलोवॅटच्या संचाची आधारभूत किंमत एक लाख ४५ हजार रुपये धरण्यात आली होती. प्रत्यक्षातील किंमत पुरवठादार, पॅनेलचा प्रकार आणि छताची रचना यांनुसार कमीअधिक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही काहीसा लाभ ग्राहकाला झाला.

एक किलोवॅटच्या संचातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, असे ढोबळमानाने धरले जाते. म्हणजे तीन किलोवॅटचा संच महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट देऊ शकतो. महिन्याला तीनशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची वर्षाकाठी सुमारे १५ हजार रुपयांची बचत होईल, असा अंदाज सरकारने मांडला होता. बहुतेक राज्यांत वीजदर टप्प्यांनुसार वाढत जातो. त्यामुळे सौरसंच सर्वांत आधी वाचवतो ती सर्वांत महाग टप्प्यातली वीज. ज्या घरात वातानुकूलन यंत्र, पाण्याचा पंप आणि गीझर आहे, त्या घराला गुंतवणूक लवकर परत मिळते, त्याचे कारण हेच.

मात्र ‘बिल शून्य झाले’ हे वाक्य जपून वापरले पाहिजे. युनिटांचा आकार शून्यावर आला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. कारण घर वीजजाळ्याशी जोडलेले राहते आणि सूर्यास्तानंतर त्याच जाळ्यातून वीज घेते. दिवसा जास्तीची वीज जाळ्यात सोडायची, रात्री ती परत घ्यायची आणि महिनाअखेर फक्त फरकाचे पैसे भरायचे, ही ‘नेट मीटरिंग’ची पद्धत छतावरील सौरऊर्जेचा कणा आहे.

संच बसवल्यानंतर अनेकांना एक धक्का बसतो. डोक्यावर ऊन तळपत असताना वीजपुरवठा खंडित झाला, तर घरही अंधारात जाते. जाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर अशा वेळी आपोआप बंद पडतो. तसा तो बंद पडावाच लागतो. अन्यथा दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका निर्माण होईल. भारनियमनातून सुटका हवी असेल तर बॅटरीसह असलेला संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च बराच वाढतो. ही गोष्ट विक्रीच्या वेळी स्पष्टपणे सांगितली जात नाही, अशी ग्राहकांची तक्रार असते.

दुसरा अनुभव देखभालीचा आहे. पॅनेलवर साचलेली धूळ, पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नव्या इमारतीची सावली यांमुळे उत्पादन लक्षणीय घटते. पॅनेलच्या कार्यक्षमतेची हमी साधारणपणे २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र त्याआधीच, बहुधा दहा-बारा वर्षांत, बदलावा लागतो. हा दुसरा खर्च परतफेडीच्या हिशेबात धरला नाही, तर गणित कागदावरच सुंदर दिसते.

प्रशासकीय पातळीवर काही अडथळे निश्चितच दूर झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढून टाकण्यात आली. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण व्यवस्था मजबूत करायची झाल्यास तो खर्च वितरण कंपनीनेच करायचा, असेही ठरले. पूर्वी नेट मीटरसाठी महिनोन्महिने हेलपाटे घालणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

या योजनेआधीही काही गावांनी हा मार्ग चोखाळला होता. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातले मोढेरा हे सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथे तेराशेहून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटचे संच बसले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. या दोन्ही ठिकाणी घरोघरच्या छतांबरोबर सामूहिक निर्धारही होता, हे विसरता येणार नाही.

मग प्रश्न कोठे आहे? तो आहे नियमांच्या स्थैर्याचा. कुटुंब छतावर पैसा गुंतवते ते वीस-पंचवीस वर्षांसाठी. बिलाचा नियम मात्र काही वर्षांत बदलू शकतो. महाराष्ट्रात २०१९ च्या विनियमांनुसार उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात वळती होतात, पण आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चला, खाते मिटवले जाते. शिल्लक युनिटांचा मोबदला ग्राहकाच्या वीजदरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतो. हिवाळ्यात वापर कमी असतो, तेव्हा युनिटे साठतात आणि एप्रिल-मे महिन्यांतील काहिलीत ती उपयोगी पडण्याआधीच हिशेब बंद होतो. संचाची क्षमता ठरवताना ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. गरजेपेक्षा मोठा संच म्हणजे मोठा फायदा, हा समज चुकीचा आहे.

त्याहून मोठा प्रश्न दिवस आणि रात्र यांच्या विजेच्या मोलाचा आहे. देशाची एकूण सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये शंभर गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारी वीज मुबलक आणि सायंकाळी टंचाई, असे चित्र त्यामुळे निर्माण होत आहे. दुपारी घेतलेले एक युनिट सायंकाळी एक युनिट म्हणूनच परत द्यावे लागणे परवडत नाही, असे वितरण कंपन्यांचे म्हणणे आहे. दिवसाची वीज दिवसाच्याच वापरातून वळती करण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या प्रारंभी महाराष्ट्रातील सौरग्राहकांमध्ये अस्वस्थता पसरली. त्याच वर्षी केरळमध्ये नेट मीटरिंगची मर्यादा खाली आणू पाहणाऱ्या मसुद्यालाही ग्राहकांनी जोरदार हरकत घेतली.

वितरण कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. अधिक वीज वापरणारे, जादा दर देणारे ग्राहक सौरऊर्जेकडे वळले, की खांब, तारा आणि रोहित्रांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. त्या उरलेल्यांमध्ये भाडेकरू आहेत, चाळीत राहणारे आहेत, स्वतःचे छत नसलेले आहेत. मोठ्या शहरांतील बहुमजली इमारतीत गच्ची सर्वांची असते, म्हणून ती कोणा एकाची नसते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. त्यातून उद्वाहन आणि पंपाचे बिल कमी होईल. परंतु प्रत्येक सदनिकेच्या मीटरवर सामाईक संचाच्या विजेचा वाटा जमा करणारी व्यवस्था सर्वत्र रुळल्याशिवाय शहरी मध्यमवर्गाला या योजनेचा पुरता लाभ होणार नाही.

अल्प वापर करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीत २०१९ पासून दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत मिळू लागली. जेथे बिलच येत नाही, तेथे ते कमी करण्यासाठी छतावर खर्च कोण करील? केंद्राचे सौर अनुदान आणि राज्यांची वीजसवलत परस्परांना छेद देतात, तेव्हा गरीब घर सौरऊर्जेपासून दूर राहते आणि राज्याच्या तिजोरीवरचा भारही हलका होत नाही.

तात्पर्य, आपल्या छतावर संच बसवू इच्छिणाऱ्याने वर्षभराची बिले समोर ठेवून क्षमता ठरवावी, सावलीची पाहणी करून घ्यावी, विक्रीपश्चात सेवेचे कलम लेखी घ्यावे आणि शक्य तेवढी कामे दुपारच्या उन्हातच उरकण्याची सवय लावावी. दिवसाच्या विजेला उद्या वेगळा भाव ठरला, तरी दिवसाच वापरलेले युनिट पूर्ण मोलाचेच राहील.

सरकार आणि नियामक आयोगांची जबाबदारी याहून मोठी आहे. नवे नियम नव्या ग्राहकांसाठी अवश्य करावेत. मात्र ज्यांनी शासनाच्या शब्दावर कर्ज काढून संच बसवले, त्यांचा हिशेब अर्ध्या वाटेवर बदलू नये. सूर्य रोज उगवणार, याविषयी कोणाला शंका नाही. नियमही तसेच खात्रीचे वाटू लागतील, तेव्हा एक कोटी घरांचे उद्दिष्ट गाठणे अवघड राहणार नाही.