शिरूर-दौंडमधील घरपोच रुग्णसेवेची तपासणी सुरू करा: निवेदन

प्रति,
मा. अपर कामगार आयुक्त, पुणे

प्रत कार्यवाहीसाठी: मा. जिल्हाधिकारी, पुणे, मा. तहसीलदार, शिरूर, मा. तहसीलदार, दौंड

विषय: घरी जाऊन रुग्णसेवा व वृद्धसेवा करणाऱ्या महिलांच्या कामाची नियमित तपासणी करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला शिरूर व दौंड तालुक्यांत राहतो. कोणी गावातच, कोणी रेल्वेने किंवा एसटीने हडपसर-खराडीला जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करतो. बहुतेकींना काम सेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत मिळते.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कारखान्याला फाटक आहे, हजेरीपट आहे, तपासणीची धास्तीही आहे. आमचे काम बंद दाराआड चालते. तिथे कोणी विचारायला येणार नाही, हे ब्युरोवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

चोवीस तासांची ड्यूटी काय असते ते सांगतो. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. रात्री बाराला, दोनला, चारलाही. मधे डायपर, लघवीची पिशवी, नळीतून दूध. सलग दोन तास झोप मिळत नाही. सकाळी घरातली भांडीही आमच्याच माथी येतात. बदली बाई आली नाही तर सुट्टी बुडते. रुग्ण दगावला की काम त्याच दिवशी सुटते आणि राहिलेल्या पगारासाठी घरमालक ब्युरोकडे, ब्युरो घरमालकाकडे पाठवतो.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि काम सुटल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत पगार, या तरतुदी तिच्यात आहेत. घरगुती कामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवह्यांतून सूट आहे; मात्र निरीक्षकाने मागितल्यास पगार दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो. ही सूट कुटुंबासाठी आहे. धंदा म्हणून माणसे पुरवणाऱ्या ब्युरोला तिच्याआड लपू देऊ नये.

आम्हाला रुग्णाच्या घरावर धाड नको. आजारी माणसाचा खासगीपणा आम्हीच रोज जपतो. ब्युरोचे कार्यालय मात्र कोणाचे घर नव्हे. तपासणी तिथूनच सुरू व्हावी. तक्रारीवरून तपासणी झाली की तक्रार करणारीचेच काम जाते, म्हणून ती ठरावीक काळाने सगळ्याच ब्युरोंची व्हावी.

आमच्या मागण्या:

१. दोन्ही तालुक्यांतील महिलांना काम देणाऱ्या ब्युरोंची यादी करून दर सहा महिन्यांनी त्यांच्या नोंदी तपासाव्यात: कामाचे तास, सुट्ट्या, पगार, कमिशन, अडकवून ठेवलेली अनामत व मूळ कागदपत्रे.

२. प्रत्येक कामाआधी तास, कामाचे स्वरूप, पगार व तो देणाऱ्याचे नाव मराठीत लिहून द्यावे. चोवीस तासांच्या कामावर सलग झोपेची वेळ व बदली बाई ठरवून द्यावी.

३. निरीक्षकांनी महिलांशी घराबाहेर, मालक किंवा ब्युरोवाल्यांच्या गैरहजेरीत बोलावे. दर महिन्याला शिरूर व दौंड तहसील कार्यालयात एक दिवस बसावे. बोलणारीचे नाव गुप्त ठेवावे.

४. लैंगिक छळविरोधी कायदा, २०१३ मध्ये घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पाठवायची असते. या अधिकाऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक तहसील, एसटी स्थानक व दौंड रेल्वे स्थानकात लावावेत.

५. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ नुसार आमच्या नोंदणीसाठी दोन्ही तालुक्यांत शिबिरे घ्यावीत.

६. तपासणीनंतर काय सुधारले, कोणाचा थकलेला पगार मिळाला, याचा गोषवारा दर वर्षी जाहीर करावा. वहीत शेरा पडला आणि बाईला सुट्टी मिळाली नाही, तर ती तपासणी आमच्या उपयोगाची नाही.

१९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप करून पगारवाढ व सुट्टी मागितली होती. आज आम्ही सुट्टीच मागतो आहोत. महिन्याभरात आपल्या दालनात बैठक बोलावून वरील मागण्यांवर लेखी निर्णय द्यावा, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील घरी रुग्णसेवा करणाऱ्या महिला
(सह्या सोबत)